शिवेच्या आतलं पळणं

शालन वानखडेंना पळायची सवय लागली ती पीएमटीच्या एका बसमुळे, हे कर्वेनगरात कुणाला सांगून पटत नाही.

साल ब्याण्णव. शालनबाई भूमी अभिलेख कचेरीत कारकून होत्या. दिवसभर गावोगावचे नकाशे, मोजण्या, हद्दी. सकाळी भाजी-पोळी उरकायची, शाळकरी पूर्वाची वेणी घालायची, नवऱ्याचा डबा भरायचा आणि स्टॉपवर यायचं, तोवर बस निघालेली असायची. एक दिवस बस अगदी नाकासमोरून सुटली आणि बाईंचं डोकं फिरलं. पदर खोचला, चपला हातात घेतल्या नि सुटल्या मागे. पुढच्या स्टॉपला गाठलीच. दांडा धरून वर चढल्या तेव्हा कंडक्टरनं त्यांच्याकडे, हातातल्या चपलांकडे आणि परत त्यांच्याकडे बघितलं.

"तिकीट कशाला काढताय? उतरा आणि पळा. आमच्या आधी पोचाल."

सगळी बस हसली. शालनबाईही हसल्या. पण धापा टाकत उभ्या असताना त्यांच्या मनात भलतंच चाललं होतं. पाय तापले होते, कानांत रक्त वाजत होतं, आणि बस जरा लवकरच सापडली असं वाटत होतं. अजून एखादा स्टॉप चुकली असती तर काय बिघडलं असतं?

मूर्तिजापूरच्या पलीकडच्या खेड्यात लहानपणी त्या धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे बांधाबांधानं, पळत शेतात भाकरी न्यायच्या. भाकरी गरम पोचायची म्हणून आई त्यांनाच धाडायची. पुढं लग्न झालं, नवऱ्याच्या टेलिफोन खात्याच्या नोकरीपायी पुण्याला आल्या, स्वतः परीक्षा देऊन सरकारी नोकरीला लागल्या. पळायला कुणी बंदी केली नव्हती. पळायला कारणच उरलं नव्हतं.

ते बसनं दिलं. दुसऱ्या दिवशी दूधवाला यायच्या आधी बाई बाहेर पडल्या. अंगावर सुती साडी, पायांत शाळेतली पोरं कवायतीला घालतात तसले पांढरे कॅनव्हासचे बूट. कर्वेनगरात तेव्हा बंगल्यांच्या मध्ये ज्वारी उभी असायची. कॅनॉलच्या कडेनं मातीचा रस्ता होता. त्यावरून शालनबाई पळाल्या, दमल्या, चालल्या, परत पळाल्या आणि घरी येऊन पोळ्या लाटायला बसल्या.

खालच्या मजल्यावर श्यामला लेले राहायच्या. नारायण पेठेतली जागा सोडून नव्यानंच इथं आलेल्या, पण पेठ त्यांच्या जिभेवर राहायलाच होती. त्या गॅलरीत दात घासत उभ्या होत्या.

"काय हो शालनताई, घरात घड्याळ नाही का? बस सुरू व्हायला तासभर आहे अजून."

"बससाठी नाई पयत, ताई. असंच पयतो."

वऱ्हाडातल्या बाया 'मी जातो, मी येतो' असंच बोलतात, पळण्याला पयणं म्हणतात आणि 'घरापर्यंत'ला 'घरालोक'. श्यामलाताईंना ते ऐकून माहीत होतं. त्यांचं अडलं ते 'असंच'वर.

"असंच? असंच कोणी पळतं का? मागे काही लागलंय का तुमच्या?"

"पुढं बी काई नाई, मागं बी काई नाई."

"मग अवघड आहे," म्हणून श्यामलाताईंनी चूळ भरली.

नवरा बाबुराव. माणूस दिलदार, पण भिडस्त. त्या काळात फोनसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे, त्यामुळे टेलिफोन खात्यातल्या माणसाला रस्त्यात नमस्कार फार. त्या नमस्कारांमागून आता एक प्रश्न यायला लागला, "वहिनींची तब्येत बरी आहे ना? नाही, सकाळी पळताना दिसल्या." बाबुराव घरी येऊन सांगायचे, "लोक इचारून राह्यले, शालन." शालनबाई म्हणायच्या, "इचारू द्या. इचारून इचारून थकतीन." आणि तसंच झालं. वर्ष-दोन वर्षांत शालनबाईंचं पळणं आमच्या सोसायटीला दूधवाल्याच्या घंटीइतकं सवयीचं झालं.

पण सवय टिकवणं म्हणजे रोज पळणं नव्हे, हे बाईंना फार लवकर कळलं. घर म्हटलं की पाहुणे, आजार, बाळंतपणं, मयती. अंगात ताप असेल तर पळणार कसं? त्यावर त्यांनी आपल्यापुरता एक कायदा केला होता. पळणं चुकलं तरी चालेल, वेळ चुकता कामा नये. त्या वेळेला बूट पायांत चढले पाहिजेत आणि पाय दाराबाहेर पडले पाहिजेत. ताप असला तर शाल पांघरून फाटकापर्यंत जायचं, दोन घटका उभं राहायचं, परत यायचं. घरात पाहुणे पथारी पसरून निजलेले असले तर त्यांना ओलांडत ओलांडत जायचं. कचेरीच्या कामानं नाशिक-औरंगाबादला गेल्या तर विश्रामगृहाभोवती फेऱ्या घालायच्या. "उभं राह्यनं बी पयन्यातच धरतो मी," त्या सांगायच्या. ऐकणारा हसायचा. हसणाऱ्याची स्वतःची व्यायामाची सवय साधारण जानेवारीतच संपलेली असायची.

या कायद्यापायी मनमाडला एकदा मोठा घोळ झाला. वानखडे मंडळी दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीच्या दर्शनासाठी नागपूरला जायची, महाराष्ट्र एक्सप्रेसनं. एका वर्षी पहाटे गाडी मनमाडला लागली. गाडी इथं बराच वेळ थांबते. लोक खाली उतरून चहा पीत होते, नळावर तोंडं धूत होते. शालनबाईंनी बाकाखालचे बूट ओढले, घातले, खाली उतरल्या, पदर खोचला आणि फलाटाच्या टोकाकडे धावत सुटल्या.

आता रेल्वेच्या फलाटावर माणूस पळताना दिसलं की बघणाऱ्याला एकच गोष्ट कळते. "सुटली! सुटली!" कुणीतरी ओरडलं. क्षणात अख्खा फलाट पळायला लागला. चहाचे कप उडाले. एक गृहस्थ तोंडात ब्रश तसाच ठेवून बायकांच्या डब्यात चढले. एका आईनं दुसरीचंच पोर उचललं. बाबुराव दारात उभे राहून ओरडत होते, "शालन! काऊन पयतं वं? गाडी उभी हाय!" आणि ते ऐकून लोकांना वाटलं, हा माणूस बायकोला गाडी धरायला सांगतोय. पळापळ दुप्पट झाली.

गाडी मात्र पाण्यात बसलेल्या म्हशीसारखी जागची हलली नाही.

शालनबाई टोकाला हात लावून परत आल्या तेव्हा फलाट पुसून काढल्यासारखा रिकामा होता. एकटा चहावाला उभा. तो म्हणाला, "मावशी, परत कधी येणार ते सांगून ठेवा. त्या दिवशी मी सुट्टी घेतो."

बाबुराव जळगाव येईपर्यंत वरच्या बाकावर तोंड झाकून पडले. मग म्हणाले, "पुढल्या टायमाले मी बी उतरतो तुह्यासंगं. एकटी पयली तं लोकाईले वाटते गाडी सुटली."

"आन दोघं पयलो तं?"

"तं वाटन का घरचं भांडन हाय. भांडनाच्या मागं कोनी पयत नाई, उभं राहून पाह्यते."

वर्षं अशी गेली. कॅनॉलच्या रस्त्यावर डांबर आलं. ज्वारीच्या जागी इमारती उगवल्या. फोनसाठी नमस्कार करणाऱ्यांच्या खिशात मोबाइल आले आणि बाबुराव साधा माणूस होऊन निवृत्त झाले. पूर्वा इंजिनीअर होऊन हिंजवडीला लागली. पहिल्या पगारातून तिनं आईला पळायचे खरे बूट आणले, कापसासारखे हलके. सकाळी कानांत वायरी घालून पळणारी तरुण पोरं रस्त्यावर दिसायला लागली आणि श्यामलाताई त्यांना गॅलरीतून सांगायला लागल्या, "आमच्या वानखडे बाई तुम्ही जन्मायच्या आधीपासून पळतायत." साडी जाऊन पंजाबी ड्रेस आला होता. वेळ तीच होती.

मग दोन हजार सहा साल उजाडलं आणि पावसाळ्यात चिकुनगुन्या आला.

त्या साली अर्धं पुणं वाकून चालत होतं. धडधाकट माणसं भिंतीला धरून संडासाला जात होती. शालनबाईंना ताप आला, उतरला, आणि जाताना सांध्यांत काचा पेरून गेला. गुडघे नारळाएवढे. बोटं इतकी सुजली की चमचा धरवेना. श्यामलाताईही त्याच आठवड्यात पडल्या होत्या. दोघींची गाठ जिन्यात पडली. एक वर जायला अडलेली, एक खाली.

"बघा शालनताई," श्यामलाताई कठड्याला लोंबकळत म्हणाल्या, "तुम्ही इतकी वर्षं पळालात, मी इतकी वर्षं बसले. शेवटी दोघी एकाच जिन्यावर अडकलो."

शालनबाईंनी आयुष्यभर पुणेरी टोमणे खाल्ले होते, पचवले होते. हा एक घशात राहिला.

डॉक्टर म्हणाले, "काही महिने दुखणार. पळणं मात्र विसरा आता. वयही झालंय." डॉक्टरांनी ते सहज म्हटलं, औषध लिहिता लिहिता. रिक्षात बाबुराव म्हणाले, "विसरा म्हंजे थोड्या दिवसांसाठी म्हनले असतीन ते." त्या म्हणाल्या, "थोड्या दिवसांसाठी विसरता येते का काई? विसरलं तं विसरलं."

कायदा त्यांनी मोडला नाही. बोटांनी लेस बांधवत नव्हती, तर पूर्वा कंपनीच्या बसला जाण्याआधी खाली बसून बांधायची. मग शालनबाई एकेक पायरी उतरत फाटकाशी जायच्या, उभ्या राहायच्या, रस्त्याकडे बघायच्या आणि परत यायच्या. पळणारी पोरं हात करून जायची. बाई हात करायच्या. दिवाळी अशी गेली. सूज उतरली, चालता येऊ लागलं, कॅनॉलच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन यायला लागल्या. पण पाय उचलून टाकायला गेलं की गुडघ्यातून कळ यायची आणि त्या थांबायच्या.

त्यातच पूर्वाचं लग्न ठरलं. अभय तिच्याच कंपनीतला, नांदेडकडचा. लग्नानंतर दोघं परदेशी जाणार होते, म्हणून तारीख जवळची धरली. शालनबाईंनी मनाशी एक ठरवलं आणि ते फक्त पूर्वाला सांगितलं. "लगन लागायच्या आंधी एक डाव तरी पयतो. नाई तं हे गेलंच म्हून समज. तू गेली का घर रिकामं होते, लोक भेटाले येतीन, म्हनतीन आता आराम करा. आन मी करन बी."

पूर्वा म्हणाली, "आई, तू आराम केलास तर मला विमानात झोप लागणार नाही."

लग्नाच्या महिनाभर आधी अकोल्याकडून चंपाआक्का आल्या. बाबुरावांची थोरली बहीण. विधवा, एकटी, जिभेनं तिखट, हातानं मायाळू. बाबुरावांना त्यांनी कडेवर घेऊन वाढवलेलं. येताना मोहाच्या बियांचं तेल घेऊन आल्या. शालनचे गुडघे बघून त्यांनी कपाळाला हात लावला आणि दुसऱ्या दिवशी अंधारातच तेल कोमट करून उशाशी येऊन बसल्या.

"पाय लांब कर."

"आक्का, आत्ता?"

"मंग कवा? उजाडलं का घरात पाव्हने. हीच येळ हाय मालिशची."

हात असा की दुखरा सांधा आपण होऊन पुढं यावा. मालिश झाली की आक्का गुडघ्यांना फडकी बांधायच्या आणि बजावायच्या, "आता वारा लागू द्याचा नाई. पडून राह्य."

शालनबाई पडून राहिल्या. पहिल्या दिवशी बूट दाराशी तसेच राहिले. दुसऱ्या दिवशीही. आजारानं त्यांची वेळ मोडली नव्हती, पाहुण्यांनी मोडली नव्हती. ती मोडली आक्कांच्या मायेनं. नको कसं म्हणायचं? एवढ्या लांबून आलेली म्हातारी, स्वतःची कंबर दुखत असताना गुडघे चोळते. आणि खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. पाचव्या-सहाव्या दिवशी सकाळी शालनबाई जाग्या झाल्या, तेलाच्या वासानं पाय लांब केले, आणि मालिश अर्धी होईपर्यंत त्यांना बुटांची आठवणसुद्धा झाली नाही. आठवण झाली ती डॉक्टरांच्या शब्दासकट. विसरणं ते हेच.

त्या उठून बसल्या.

"आक्का, मालिश संध्याकाळी करत जा."

आक्कांचे हात थांबले. "काऊन? दुखलं का?"

"नाई. ही माही जायाची येळ हाय."

"कोठी जाते? तुह्यानं चालनं होत नाई धड!"

"फाटकालोक जातो. कॅनॉललोक जातो. जितलं जानं होते तितलं."

"तथी काय ठिवलं हाय?" आक्कांनी तेलाची वाटी बाजूला सारली. "माह्या हातची मालिश नको, आन फाटकात उभं राह्यनं पायजे? बाबू! ये बाबू! आयक तुही बायको काय म्हनून राह्यली!"

बाबुराव दारात येऊन उभे राहिले. एकीकडे कडेवर वाढवणारी बहीण, दुसरीकडे बायको. भिडस्त माणसाची पंचाईत. ते म्हणाले, "चहा ठिवू का?"

"तू चहाच ठिव," आक्का म्हणाल्या.

शालनबाईंनी आक्कांचे तेलकट हात धरले. "आक्का, दिवसभर मले कोनी ना कोनी हाका मारते. घरात, कचेरीत. ह्या टायमाले कोनीच मारत नाई. इतक्या वर्षांपासून ह्या टायमाले मी कोनाचं आयकलं नाई. तुमचं आयकलं. पाच दिवस आयकलं. आता अजून आयकलं तं मी उठनार नाई कवाच. तुमी चोळून चोळून पाय बरे करसान, पन मंग ते पाय जातीन कोठी?"

आक्का वाटी उचलून उठल्या. दिवसभर बोलल्या नाहीत. जेवतानासुद्धा मीठ हातवारे करून मागितलं. शालनबाईंनी मीठ पुढं केलं, पण आपला शब्द मागे घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी अंधारात त्या उठून बाहेरच्या खोलीत आल्या तर दाराशी आक्का बसलेल्या. पायांत चपला, डोक्यावरून शाल.

"चाल. पाहू दे मले काय हाय तथी."

त्या दिवसापासून नणंद-भावजय दोघी जायला लागल्या. आक्का सगळी वाट बोलायच्या. ही बिल्डिंग कोणाची, ह्या पोराच्या कानात काय घातलंय, ही बाई कुत्र्याला फिरवते का कुत्रं हिला. संध्याकाळी गडंगनेरं सुरू झाली होती. पुण्यात ज्याला केळवण म्हणतात ते. विदर्भातली झाडून सगळी मंडळी, कुणी वारज्याची, कुणी पिंपरीची, नवरीला नि तिच्या घरच्यांना जेवायला बोलवायची. पुरणपोळी, मटण, वर आग्रह. रात्री पोट धरून घरी यायचं आणि पहाटे बूट. "आज नको, अपचन झालं," असं एकदा आक्काच म्हणाल्या. शालनबाई म्हणाल्या, "मंग हळू चाला." पण पळणं अजून झालं नव्हतं. दोनदा पाय उचलले, दोनदा कळ आली. दिवस सरत होते.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी घरीच हळद झाली. नवरीबरोबर आई-बापालाही हळद लावायची आक्कांकडची रीत. शालनबाईंचे हात, तोंड, पाय पिवळेधमक. आणि हळदीची वाटी खाली ठेवता ठेवता आक्का म्हणाल्या, "आता लगन लागेलोक शीव ओलांडाची नाई. नवरीनं बी नाई, नवरीच्या मायनं बी नाई. हळदीचं अंग शिवेच्या आत राह्यलं पायजे."

बाबुराव म्हणाले, "आक्का, आपल्यात कोठी असते हे? आपन बुद्धवंदना घेऊन लगन लावतो."

"वंदना मी तुह्या आंधीपासून घेतो. पन माह्या मायनं हे पाळलं, मी बी पाळलं. कोनाचं काई गेलं का?"

श्यामलाताई पुढं बसल्या होत्या, गालाला हळदीचं बोट लागलेलं. "शीव?" त्या म्हणाल्या. "अहो चंपाताई, कर्वेनगरला कुठली शीव! सत्त्याण्णव सालीच कॉर्पोरेशननं पलीकडची गावं गिळली. आता शीव ओलांडायची म्हटलं तर रिक्षा करावी लागेल."

सगळे हसले. पूर्वानं आईकडे बघितलं. चांगली सोय झाली होती. हो म्हटलं की वाट मोकळी. पण आक्का हसल्या नव्हत्या.

"शालन, तू सांग. तुह्या कचेरीत नकाशे राह्यतात. शीव हाय का गेली?"

शालनबाईंनी जन्मभर हद्दीच्या फायली चाळल्या होत्या. भावाभावांनी खोटं बोललेलं कागदावर पाहिलं होतं. आणि जी म्हातारी चपला घालून दाराशी बसली होती, तिला फसवून पळण्यात त्यांना गोडी वाटेना.

"हाय, आक्का. नकाशात हाय. हे गाव हिंगणे बुद्रुक, तिकडचं वारजे. मधात ओढा हाय. तथी शीव."

"आन तुह्या पयन्याची वाट?"

"ओढ्यापलीकडं जाते."

"मंग?"

"मंग उद्या अलीकडंच पयतो."

श्यामलाताईंनी कपाळाला हात लावला. "एवढी आयती सोय करून दिली बाईला!"

लग्न दुपारचं होतं. पहाटे घरभर माणसं निजली होती. जिन्याच्या वळणावरसुद्धा कुणीतरी पसरलं होतं. शालनबाई बूट घेऊन बसल्या. बोटं थंडीनं आखडली होती. पूर्वा उठू पाहत होती, आक्कांनी तिला दाबून निजवलं आणि स्वतः खाली बसून लेस बांधल्या, पोत्याचं तोंड आवळावं तशा.

"घट्ट झाल्या, आक्का."

"राहू दे. सुटायच्या नाईत."

कॅनॉलच्या रस्त्यावर धुकं होतं. रविवार म्हणून कंपन्यांच्या बसही नव्हत्या. दोघी चालत राहिल्या. आज आक्कांनी एकाही बिल्डिंगचं नाव विचारलं नाही. विजेच्या खांबांची रांग सुरू होते तिथं शालनबाई थांबल्या. ओढणी कमरेला बांधली. हळदीचे हात ड्रेसला पुसले, मग आठवलं की हा ड्रेस नवा आहे.

पहिली दोन पावलं चालण्यासारखीच पडली. तिसऱ्याला गुडघ्यानं कुरकुर केली. शालनबाईंना ती कुरकुर ऐकू आली आणि त्यांनी वाट बघितली. आता कळ येईल, आता येईल. कळ आली. पण ती थांबवणारी नव्हती, नुसती आठवण करून देणारी होती. नवा बूट चावावा तेवढी. चौथं पाऊल पडलं. मग मोजायचं राहून गेलं. पाय जड होते, श्वास लगेच लागला, पूर्वीसारखं काही नव्हतं. बाजूनं चालत जाणारा माणूसही त्यांना गाठू शकला असता. पण दोन्ही पाय एकदम जमिनीवर नव्हते, आणि त्यालाच पळणं म्हणतात.

मागून आक्कांचा आवाज आला. "शालन! ये शालन! शीव!"

"शीव लय दूर हाय, आक्का!" बाई न वळता ओरडल्या.

"किती दूर?"

"आज माह्यानं पोचनं होत नाई इतली दूर!"

खरंच होतं ते. ओढा कुठल्या कुठं राहिला. तीन खांब झाले आणि शालनबाईंचा दम संपला. त्या खांबाला धरून उभ्या राहिल्या. घामानं हळद ओघळून डोळ्यांत गेली, डोळे चुरचुरायला लागले. आक्का भरभर चालत आल्या, स्वतःच्या पदरानं त्यांचं तोंड पुसलं, मग गुडघे दाबून बघितले.

"दुखते?"

"दुखते."

"मंग रडून काऊन राह्यली नाई?"

"हळद गेली डोयात. थोडं त्यानं रडून राह्यली."

ओढणीच्या गाठीतला मोबाइल वाजला. पूर्वा होती. मागे घरभर कालवा, कुणीतरी गरम पाण्यासाठी ओरडत होतं.

"आई, पार्लरवाली आलीये, मामाचं उपरणं सापडत नाहीये, आणि बाबा तिसऱ्यांदा चहा ठेवतायत. कुठे आहेस? पळालीस?"

"पयली."

तिकडं दार लागल्याचा आवाज आला, कालवा कमी झाला. मग पूर्वा म्हणाली, "किती?"

"तीन खांब."

"बास?"

"आज बास. उद्या हळद नसन अंगाले. उद्या ओढ्यापलीकडं पाहू."

आक्कांनी फोनमध्ये तोंड घातलं. "आज तुही माय विहीनबाई होते, पोरी! व्याह्याच्या लोकाईनं पाह्यलं तं काय म्हनतीन?"

"त्यांना पण बूट आणायला सांग, आत्या," पूर्वा म्हणाली. "आणि या आता घरी, दोघी."

"येतो," शालनबाई म्हणाल्या, आणि आक्कांना म्हणाल्या, "चाला."

"चालत?"

"तुमी चालत. मी पुढच्या खांबालोक पाह्यतो जमते का."